मैनाच्या झोपेची वही

मैना, आमचं कुत्र्याचं पिल्लू, घरी आली त्या रात्री झोपलीच नाही. सोफा आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत अंग चोरून बसली होती. डोळे जड व्हायचे, मान खाली खाली जायची, हनुवटी फरशीला टेकायची, तेवढ्यात फ्रिजची मोटर घरघरायची आणि मान झटक्यात वर. पुन्हा डोळे जड, पुन्हा मान खाली. मग जिन्यात कुणाच्या तरी चपला वाजायच्या, की पुन्हा वर. मी चार हातांवर गादी टाकून पडले होते. अंधारात ती दिसत नव्हती, पण जागी आहे हे श्वासावरून कळत होतं. झोपलेल्या जिवाचा श्वास लांब होतो. तिचा आखूडच राहिला, पार उजाडेपर्यंत.

मी हिशेबनीस आहे. दिवसभर रकाने आणि बेरजा. एखादी गोष्ट कळेनाशी झाली की ती लिहून काढायची, ही हाताला लागलेली सवय. सकाळी लेकीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं: 'रात्र पहिली. झोप बसल्या बसल्या, दोन-दोन मिनिटं. सगळी मिळून तासभरही नसेल. तोंड दाराकडे.'

त्याला आता चार महिने झाले. वही भरत आली आहे. घरात नवं कुत्रं आणणारं कुणी काही विचारायला आलं, की मी पहिल्यांदा झोपेबद्दलच बोलते. ते किती खातं, हाक मारली की येतं का, 'बस' म्हटल्यावर बसतं का, हे सगळं नंतर. आधी ते झोपतंय का बघा. कुठे झोपतंय, कसं झोपतंय, कशाने दचकून उठतंय ते बघा. घर आपलं वाटायला लागलंय की नाही, हे झोपेइतकं खरं दुसरं काही सांगत नाही.

मैना आली तेव्हा पाच महिन्यांची असावी. नक्की वय कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी हलक्या हाताने ओठ वर करून दात पाहिले. पुढचे पक्के दात आलेले, सुळे नुकते हिरडीतून डोकावत होते आणि त्यांच्या शेजारी दुधाचे सुळे अजून तग धरून होते. कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे २८ दात असतात आणि मोठेपणी पक्के ४२. ही अदलाबदल साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत चालते, त्यावरून त्यांनी अंदाज बांधला. जिथून तिला आणलं त्या शेल्टरमधल्या, म्हणजे कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या, ताईंनी आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. आमच्याआधी ती एका घरी जाऊन आली होती. आठ दिवसांत परत आली, 'फारच घाबरट आहे' म्हणून.

आठ दिवस. माझ्या वहीत आठव्या दिवसाची नोंद अशी आहे: 'दुपारी पहिल्यांदा आडवी झाली. वीस मिनिटं. मिक्सर लावला, उठली.' म्हणजे त्या घरानं तिला जिथे सोडलं, तिथे तर आमची सुरुवात होत होती. त्या माणसांना मी दोष देत नाही. पण कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं, की आठ दिवसांत जे कुत्रं दिसतं ते खरं कुत्रं नसतंच. कुत्र्यांना घरं मिळवून देणारी मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात. भांबावलेपण उतरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, आणि हे आपलं घर आहे असं वाटायला तीन महिने. हा काही शास्त्राचा नियम नव्हे. कुणाला कमी लागतात, कुणाला जास्त. मैनाला पहिल्या तीन दिवसांचे अकरा दिवस लागले.

त्यातले दोन-तीन दिवस माझ्या चुकीने वाढले. ती आली त्याच संध्याकाळी मी बहिणीला, भाचरांना, समोरच्या घरातल्या सगळ्यांना बोलावलं. आनंद झाला होता, तो वाटावासा वाटला. नऊ माणसं हॉलमध्ये. जो तो वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवायला जातोय. ती ओठ चाटत होती, जांभया देत होती, तोंड वळवून घेत होती. भाची म्हणाली, "मावशी, किती शांत आहे गं!" मलाही तेव्हा तसंच वाटलं. घाबरलेलं कुत्रं पुष्कळदा थिजून जातं आणि आपण त्याला गुणी म्हणतो. ती जांभई झोपेची नव्हती आणि ओठ चाटणं भुकेचं नव्हतं. 'मला हे सोसत नाही, थांबा' असं ती तिच्या भाषेत नऊ माणसांना सांगत होती आणि नऊजणांपैकी एकालाही ती भाषा येत नव्हती. मंडळी गेल्यावर सोफ्यामागे लघवीचं थारोळं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना कळवलं, पंधरा दिवस कुणी येऊ नका. दोघी-तिघी रुसल्या. रुसू दे.

मग आम्ही तिची जागा केली. हॉलच्या ज्या कोपऱ्यातून कुणाची ये-जा नसते, तिथे पिंजरा ठेवला. पिंजरा म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो, माझ्याही आला होता. पण दार काढून ठेवलं, तीन बाजूंनी जाड चादर टाकली, आत गादी घातली, की ती एक गुहा होते. शेल्टरमधून येताना तिच्या अंगाखालचं फडकं मी मागून आणलं होतं. मळलेलं, उग्र वासाचं. आई म्हणाली, "अगं, धुऊन तरी टाक." नाही धुतलं. त्या घरात तिच्या ओळखीचा तेवढा एकच वास होता. नियम एकच केला. ती आत असली की कुणीही हात घालायचा नाही, डोकवायचं नाही, ओढून बाहेर काढायचं नाही. औषध द्यायचं असलं तरी नाही. ती बाहेर येईल तेव्हा द्यायचं.

हा नियम पाळणं सगळ्यात जड गेलं ते लेकीला. अकरा वर्षांची आहे, कुत्रं हवं म्हणून तीन वर्षं मागे लागलेली. कुत्रं आलं आणि त्याला हात लावायचा नाही! एका रात्री ती रडली. "तिला मी आवडतच नाही," म्हणाली. मी तिला समजावलं, की पिल्लांचा जग ओळखून घ्यायचा एक काळ असतो, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोन संशोधकांनी पिल्लांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९६५ मध्ये हे मांडलं होतं. त्या दिवसांत जे भेटतं ते पुढे आपलं वाटतं. माणसं, मुलं, भांड्यांचा आवाज, छत्री, जिना. मैनाला त्या दिवसांत काय भेटलं आपल्याला माहीत नाही, पण अकरा वर्षांची मुलगी बहुतेक भेटली नसावी. म्हणून आता तुझी ओळख हळू करून द्यायची. तो काळ सरला म्हणजे दार बंद झालं असं नाही, फक्त ते जड झालंय, जोर लावून उघडत नाही. तेव्हापासून लेक रोज संध्याकाळी पिंजऱ्याकडे पाठ करून बसायची आणि आपला अभ्यास करायची. सतराव्या दिवशी तिच्या वेणीच्या टोकाला ओलं नाक लागलं. ती हलली नाही. मी दारातून पाहत होते. तिचे डोळे केवढे मोठे झाले होते, पण मान हलली नाही.

मैना सगळ्यात आधी गेली ती मात्र आईकडे. आणि गंमत म्हणजे तिला सगळ्यात जास्त भीती होती तीही आईच्याच काठीची.

आईचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती काठी घेऊन चालते. खाली रबर आहे, तरी फरशीवर टक् असा आवाज येतो. पहिल्या दिवशी तो टक् ऐकला आणि मैना बसल्या जागी मुतली. दुसऱ्या दिवशी तेच. काठी हातात उचललेली दिसली की पोट जमिनीला घासत मागे मागे सरकायची. तिच्यावर कुणी काठी उगारली होती की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नुसतं अनोळखी असणंही घाबरायला पुरतं. आईने मात्र मनाला लावून घेतलं. दीड दिवस खोलीतून बाहेर आली नाही. "माझ्यामुळे भितंय ते पोर, कशाला येऊ मी?"

मग आम्ही काठीची ओळख करून द्यायचं ठरवलं. आई खुर्चीत बसलेली असताना काठी हॉलच्या मधोमध आडवी ठेवून द्यायची. त्या काठीपासून सात-आठ पावलांवर उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे टाकायचे आणि आपण बाजूला व्हायचं. बोलवायचं नाही, चुचकारायचं नाही, 'बघ, काही नाही होत' असं म्हणायचं नाही. एवढंच बघायचं, ती खाते का. खात असली तर अंतर बरोबर आहे. आवडीचा तुकडा समोर असून तोंड लावत नसेल तर आपण फार जवळ आलोय, उद्या लांबून सुरू करायचं. ही एक खूण मला चार महिने पुरली, काठीला, मिक्सरला, दारावरच्या बेलला, रस्त्यावरच्या गाड्यांना, सगळ्याला.

तिसऱ्या दिवशी ती काठीपासून हातभर अंतरावर आली. मागचे पाय मागेच, पळायच्या तयारीत, आणि पुढचं अंग लांबवून लांबवून काठीच्या रबराचा वास घेतला. मग मूठ. मुठीवर आईच्या हाताचा वास असणार. तिथे बराच वेळ नाक ठेवलं. पुढच्या आठवड्यात काठी खुर्चीला टेकून उभी. त्याच्या पुढच्या आठवड्यात आईच्या हातात, पण आई बसलेली. मग गादीवर हलकेच एक टक्, आवाज न होणारा. मग फरशीवर एक. रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. फरशीवरच्या खऱ्या टक्पर्यंत यायला पाच आठवडे लागले.

आणि या सगळ्यात ती आईकडे का गेली? कारण आई तिच्याकडे बघत नव्हती. आई दुपारी दोन-अडीच तास एका जागी बसते, डोळे मिटून, हात मांडीवर. बाकी आम्ही सगळे तिच्याकडून काही ना काही मागत होतो, नजरेने का होईना. आईला काहीच नको होतं. दहाव्या दुपारी मैना येऊन आईच्या पायांपासून दोन फुटांवर पडली. वहीत आहे: 'दु. २.१०. आईजवळ. पहिल्यांदा पिंजऱ्याबाहेर झोप. ३५ मिनिटं. अंगाची वेटोळी, नाक शेपटीखाली, पण तोंड दाराकडे नाही.' शेवटच्या तीन शब्दांखाली मी रेघ ओढली आहे.

वहीने मला जो खरा धडा दिला तो वेगळाच. तिसऱ्या आठवड्यात, जरा सरावल्यावर, मैना संध्याकाळी सातच्या सुमारास वेडी व्हायची. सुसाट पळणं, बाह्या पकडून ओढणं, पायांना चावणं. दात येण्याचं वय, हे खरंच, हिरड्या शिवशिवत असतात. पण हे चावणं वेगळं होतं, डोळे ताठ, हाक ऐकू न येणारं. जो तो म्हणाला, हिला व्यायाम कमी पडतोय, दमवा. आम्ही फिरवणं वाढवलं, चेंडू फेकले. प्रकार वाढला. एका रविवारी बसून मी वहीतल्या झोपेची बेरीज केली. चोवीस तासांत साडेनऊ. त्याच्या आदल्या दिवशी दहा. या वयाच्या पिल्लाला सोळा-अठरा तास झोप लागते असं सांगतात, त्याहून लहान असेल तर वीस तासांपर्यंत. आम्ही झोपेला आलेल्या पोराला आणखी धावडवत होतो. लहान मूल झोप झाली नाही की कसं किरकिरं होतं, हे मी आई म्हणून बघितलेलं आहे, तरी मला ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घड्याळ लावलं. तास-दीड तास जागी राहिली की घर शांत करायचं. पडदे ओढायचे, टीव्ही बंद, चघळायला काहीतरी टिकाऊ द्यायचं आणि आपणही बसून राहायचं. चघळणं आणि चाटणं कुत्र्याला निववतं. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं चुळबुळ केली. चौथ्या दिवसापर्यंत पडदा ओढला की ती आपण होऊन गादीकडे जायला लागली. झोपेचा आकडा चौदावर गेला आणि संध्याकाळचं ते वादळ पाच मिनिटांवर आलं. फिरायला नेणंही आम्ही बदललं. लांबच लांब चालण्याऐवजी थोडंसंच अंतर, पण तिला हवं तिथे थांबून हवा तेवढा वेळ हुंगू द्यायचं. एका खांबापाशी सात मिनिटं उभ्या राहिलेल्या आहोत आम्ही. हुंगून कुत्रं सुखाने दमतं.

पुढे वाचनात आलं, की बुडापेस्टच्या विद्यापीठात संशोधक कुत्र्यांच्या डोक्याला, अजिबात इजा न होईल अशा बेताने, इलेक्ट्रोड चिकटवून त्यांच्या झोपेची नोंद घेतात. मालक शेजारी बसलेला असतो. झोपेआधी प्रेमाने वागवलं की दुर्लक्ष केलं, घाबरवलं, यावरून त्या झोपेचा पोत बदलतो, असं त्यांनी २०१७ मध्ये दाखवलं. मला ते वाचून बरं वाटलं. माझ्याकडे इलेक्ट्रोड नव्हते, पेन होतं.

बाराव्या दिवसाबद्दल लिहिणं भाग आहे. ती चूक दुसऱ्या कुणी करू नये.

सकाळी साडेसहाची वेळ. गळ्यात पट्टा, पट्ट्याला दोरी. कोपऱ्यावर एका दुचाकीच्या सायलेन्सरचा फटाक् असा बार झाला. मैना पुढे पळाली नाही, ती मागे सरली. मागे सरताना तिने मान खाली घातली आणि पट्टा कानांवरून सरळ निघून आला. माझ्या हातात दोरी आणि तिच्या टोकाला रिकामा पट्टा. ती चाळीसेक पावलांवर उभ्या असलेल्या मोटारीखाली जाऊन घुसली.

पाय धावायलाच निघाले होते. शेल्टरच्या ताईंचं वाक्य आठवलं, म्हणून थांबले: घाबरलेल्या कुत्र्यामागे धावलात की ते तुमच्यापासूनच पळतं. मी मोटारीपासून दहा पावलांवर रस्त्याच्या कडेला जमिनीवर बसले, तिच्याकडे तोंड करून नाही, आडवी. खिशातली चिकनची पिशवी काढली आणि तुकडे करत बसले. तिच्याकडे बघितलं नाही. एक गृहस्थ मदतीला आले, खाली वाकून 'यू यू' करायला लागले. मी हात जोडून त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही फक्त तिकडून येणाऱ्या गाड्या थोपवा." ते बिचारे शेवटपर्यंत थोपवत उभे राहिले. त्यांचं नावही विचारायचं राहून गेलं.

पंचवीस मिनिटं. आधी नाक बाहेर आलं. मग एक पंजा. मग ती माझ्या मागून, मोठा वळसा घालून आली आणि पाठीचा वास घेतला. तेव्हा झडप घालून धरायची इतकी इच्छा झाली होती, की बोटं दुखत होती. धरलं नाही. मांडीशेजारी एक तुकडा ठेवला, मग दुसरा, मग आठवा. नवव्याला तिच्या मानेखालून सावकाश दोरीचा फास करून घातला. घरी येईपर्यंत माझे गुडघे लटपटत होते.

वहीत त्या दिवसापुढे अकरा तास झोप लिहिली आहे, पण ती सुखाची नव्हती. दर पंधरा-वीस मिनिटांनी दचकणं होतं. पुढचे तीन दिवस आम्ही तिला शी-शूपुरतंच खाली नेलं, बाकी घरातच. एवढा धक्का बसल्यावर शरीर लगेच जाग्यावर येत नाही, त्याला शांत दिवस द्यावे लागतात. आता हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, असतो, गळ्यात पट्टा असतो आणि दोरीला दोन कड्या, एक इथे, एक तिथे. हार्नेसच्या पट्टीखाली दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवायचा, त्याहून सैल असला तर तोही निघतो. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला पहिल्या दिवसापासून हवा आणि मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, शक्य तितक्या लवकर. घराचं दार उघडताना मधलं दार आधी लावायचं. नवं कुत्रं हरवायची भीती पहिल्या काही आठवड्यांत जास्त असते. त्याला अजून आपलं घर माहीत नसतं, मग ते परत तरी कुठे येणार?

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. खाणं पहिला आठवडा शेल्टरमध्ये होतं तेच दिलं, मग आठ-दहा दिवसांत जुनं कमी आणि नवं जास्त करत बदललं. एकदम बदललं की पोट बिघडतं. लशी आणि जंताचं औषध डॉक्टरांनी आखून दिलेल्या तारखांना, त्यात माझं डोकं चालवलं नाही. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) घातलेलं च्युइंगगम कुत्र्याला विषारी असतं, हे फ्रिजवर लिहून लावलं. पण सगळ्यात जास्त जपलं ते आईच्या गोळ्यांना. माणसाच्या दुखण्यावरच्या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेततात आणि आईच्या हातून गोळी पडली की ती कुठे गडगडली ते तिला दिसत नाही. आता आई गोळ्या घेते ती मोठ्या ताटात डबी ठेवून.

शू घरात झाली, पहिल्या महिन्यात तर पुष्कळदा झाली. पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास फार तर रोखून धरू शकतं असा एक अंदाज असतो, तोही शांत पिल्लाचा. घाबरलेल्याचा नव्हे. रात्री दोनचा गजर लावून मी तिला खाली नेत होते. एकाने सल्ला दिला, त्यातच तिचं नाक घासा म्हणजे कळेल. असं करू नका. कळवळून सांगते. त्यातून तिला एवढंच कळतं, की ही बाई धोक्याची आहे आणि हिच्यासमोर करायचं नाही. मग ती पलंगाखाली जाऊन करते. एंझाइमचं क्लीनर वापरून तो वास पुरता घालवायचा, अमोनियाच्या वासाचं काही वापरायचं नाही. आणि बाहेर केली की त्याच सेकंदाला, तिथेच, शाबासकी.

सातव्या आठवड्यात एकदा मैना गाढ झोपली होती. पंजे थरथरत होते, मिटल्या तोंडातून बारीक वुफ् वुफ् येत होतं. स्वप्न. लेकीला राहवलं नाही, तिने पोटावर हात ठेवला. मैना अर्धवट झोपेत वळली, गुरगुरली आणि हवेत दात वाजले. लागलं नाही, पण लेक पांढरीफटक पडली. आणि मैना ताबडतोब पिंजऱ्यात. मी मैनाला रागावले नाही. गुरगुरणं हा निरोप आहे. त्याबद्दल ओरडत राहिलं की कुत्रं निरोप देणं सोडतं आणि एक दिवस काही न सांगता चावतं. झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचाच नाही. उठवायचं असेल तर लांबून नावाने हाक मारायची, ती मान वर करून बघेल, मग बोलवायचं. लेकीने ते कागदावर लिहून पिंजऱ्याच्या वर चिकटवलं, तिच्या अक्षरात: 'झोपली असेल तर थांबा.'

त्या दिवशी वहीत मी दोन गोष्टी लिहिल्या. एक, हा प्रसंग. दुसरी, 'आज पहिल्यांदा स्वप्न पडताना पाहिलं.' स्वप्न पडायला झोप तितकी खोल लागावी लागते. सात आठवडे गेले त्याला.

तिला एकटं ठेवून मला घराबाहेर जायचं म्हणजे आणखी एक डोंगर होता, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी. सुरुवात दाराच्या कडीला हात लावून परत येण्यापासून केली, मग दहा सेकंद बाहेर, मग तीस, मग दोन मिनिटं. फोनच्या कॅमेऱ्यात मी एकच पाहायची. ती आडवी होते का. आडवी झाली की वेळ वाढवायची, उभी राहिली तर कमी करायची. आज साडेतीन तासांवर आलोय.

परवाची गोष्ट. दुपारचं ऊन स्वयंपाकघराच्या दारात पडतं, त्या पट्ट्यात मैना आडवी पसरली होती, बरोबर उंबऱ्यावर, सगळ्यांच्या वाटेत. पाठ खाली, चारही पाय वर, पोट उघडं, तोंडातून जिभेचं टोक बाहेर. आई पाण्याला उठली. टक्, टक्, टक् करत दारापर्यंत आली. काठीचं रबर मैनाच्या कानापासून चार बोटांवर टेकलं. मी मधल्या खोलीतून बघत होते, श्वास धरून.

मैनाचा एक कान हलला. डोळे उघडले नाहीत.

"सरक गं बाई," आई म्हणाली. ती काही सरकली नाही. आई जरा वेळ तशीच काठीवर भार देऊन उभी राहिली, मग वळली आणि मला म्हणाली, "तूच दे आणून पाणी. झोपलीय ती."